मेंढका मोजत नाही, ओळखतो

पिंपरीच्या एका ताईंचा प्रश्न आहे: ‘आम्ही ख्रिस्ती आहोत. मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. सासूबाई म्हणतात, मिशनच्या शाळेतच घाला. मिस्टर म्हणतात, चर्चची शाळा आणि दुसरी चांगली शाळा यांत आता फरक राहिलाय तो सकाळच्या प्रार्थनेचा आणि नाताळच्या नाटकाचा, तेव्हा फी आणि निकाल बघून ठरवू. ख्रिस्ती शिक्षणाला नेमकं साधायचं काय असतं? त्याचं बळ कशात असतं?’

ताई, मी ३६ वर्षं नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये शिकवलं. शेवटची ९ वर्षं मुख्याध्यापिका होते. शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा धर्मवर्ग, तर अजूनही घेते. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण पुष्कळ ठिकाणी ते खरं झालेलं मी पाहिलंय. पण ख्रिस्ती शिक्षण म्हणजे काय, हे मला ज्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं तो दिवस आधी सांगते.

बायबलातल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातला हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, शिकवायचा होता: १०० मेंढरांतलं एक हरवतं आणि मेंढपाळ ९९ रानात सोडून त्याला शोधायला जातो. मी नेहमीप्रमाणे चटईवर १०० चिंचोके मांडले, मुलांना डोळे मिटायला लावून त्यातला एक उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला. मग म्हटलं, मोजा. ९९ भरले की मुलं ओरडायची, ‘बाई, एक कमी हाय!’ कितीतरी वर्षं हा पाठ मी असाच घेत आले होते. त्या वर्षी पारनेरकडच्या एका धनगराचा मुलगा आमच्या बोर्डिंगात राहायला होता, चौथीतला. बिगरख्रिस्ती मुलांनी शब्बाथशाळेला यायलाच पाहिजे असा नियम नव्हता; घरच्यांना विचारून तो गोष्टींच्या ओढीने यायचा. तो काही मोजायला बसला नाही. हाताची घडी घालून म्हणाला, ‘बाई, मेंढका मोजत न्हाई. सांजच्याला मेंढरं कोंडताना त्याला कळतंच, कोन आलं न्हाई ते. तोंडावरनं वळखतो तो.’

मी गप्प झाले. माझ्या पाठात मेंढरू म्हणजे एक आकडा होता, कमी पडला म्हणून शोधायचा. त्या पोराच्या बापासाठी ती अमुक कपाळाची, अमुक कानाची, लंगडत चालणारी मेंढी होती. दाखल्यातला मेंढपाळ ९९ रानात सोडून का जातो, हे मी तोपर्यंत मुलांना नीट सांगूच शकले नव्हते. पुढच्या वर्षापासून चिंचोके गेले. मी वर्गातल्या मुलांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या मांडायला लागले, आणि कोणती उचलली ते मुलांनी न मोजता सांगायचं. सांगतात हो. आठवड्यातून एकदाच भेटणारी मुलंसुद्धा सांगतात.

आता हेतूविषयी. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, असं बायबलातल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे. शाळेच्या फाटकात उभं राहून हे वाक्य म्हणून बघा, त्याचा अर्थ अगदी व्यवहारातला निघतो. आत येणाऱ्या मुलाची किंमत आधीच ठरलेली आहे. ती ठरवणं आपल्या हातात नाही. ९२ टक्के पडले म्हणून ती वाढत नाही, नापास झाल्याने उतरत नाही. मग शाळेने करायचं काय? आपण कोणाचे आहोत हे त्या मुलाला कळावं. त्याच्या पदरात जे दान पडलंय, गणित असो, गळा असो, सुतारकाम असो, ते वाढीला लागावं आणि शेजाऱ्याच्या उपयोगी यावं. नोकरी त्याच वाटेवर मिळते आणि मिळावीच. माझ्या गरीब विद्यार्थ्यांना पोटाची काळजी होती, ती मी कधी हलकी मानली नाही. पण नोकरीसाठी शाळा काढली की न चालणारं मूल अडगळ होतं, आणि आपल्या विश्वासात अडगळ म्हणावं असं मूल जन्मतच नाही.

हे भाषणात सांगणं सोपं आहे. शाळेच्या वेळापत्रकात बसवणं अवघड. आम्ही ते असं बसवलं होतं: दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांची २० मिनिटं प्रार्थना. हजेरीपटावरून ओळीने ५ नावं घ्यायची. प्रत्येक नावाला वर्गशिक्षकाने त्या मुलाविषयी काहीतरी सांगायचं, गुण सोडून. आजी आजारी आहे, वडिलांनी दारू सोडलीय, चित्रं काढतो, डबा आणत नाही, काहीही. ज्या नावाला काहीच सांगता आलं नाही, त्या घरी त्या आठवड्यात जाऊन यायचं. आमच्यात दोन हिंदू शिक्षक आणि एक मुसलमान बाई होत्या. प्रार्थना ज्याने त्याने आपल्या मनात करावी असं ठरलेलं होतं, पण घरी जाण्यात त्या तिघांचा नंबर नेहमी आमच्या पुढे असायचा. सुरुवातीला हे लोढणं वाटायचं. दोन वर्षांत गळती थांबली, शिक्षा निम्म्यावर आल्या. कारण ज्या मुलाच्या घरात तुम्ही चहा घेतलाय त्याच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलत नाही.

अशाच एका शुक्रवारी चौथीतल्या एका मुलीचं नाव आलं. दोन आठवडे गैरहजर. दिवाळी झाली होती, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेलेले. पाथर्डी, शेवगाव भागात दिवाळीनंतर वाड्याच्या वाड्या रिकाम्या होतात हे तुम्हाला माहीत असेल. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मागे यायचं नाही. मुलगी बोर्डिंगात ठेवायचं ठरलं होतं, पण ऐनवेळी तिलाही बरोबर नेलं होतं. एका रविवारी उपासना आटोपून मी आणि आमचे एक सर साखर कारखान्यापर्यंत एसटीने गेलो. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, ओळीने. ती कोपीबाहेर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली. शेजारी पत्र्याचा एक तुकडा, त्यावर कोळशाने रेघोट्या. मला वाटलं खेळतेय. विचारलं तर म्हणाली, ‘दादांच्या मोळ्या हाय्त. मुकादम कमी लिवतो.’ वीस-वीसचे गठ्ठे पाडून, खाली बेरीज मारून ठेवली होती. आठवड्याचा सगळा हिशेब. बाप तो पत्रा मुकादमापुढे नेऊन ठेवायला धजावत नव्हता, पण फेकतही नव्हता.

तिची अडचण धाकटा भाऊ होती. त्याला कोण सांभाळणार? तोही बोर्डिंगच्या बालवाडीत घ्यायचा, असं तिथेच बसून ठरलं. तीन वर्षांचं पोर नियमात बसत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या मावशींनी त्याला आपल्याकडे झोपवलं, म्हणून ते जमलं. ख्रिस्ती शाळेचं बळ कशात, असं कोणी विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे तो पत्रा येतो आणि त्या मावशी येतात. पाढे आम्ही शिकवले होते, ते दुसऱ्या कोणत्याही शाळेने शिकवले असते. पण कमी लिहिलेली मोळी हा देवापुढचा अन्याय आहे, ही जाणीव बायबलातल्या संदेष्ट्यांच्या गोष्टींतून आलेली होती. त्यांतला आमोस खोट्या तराजूंवर बोलतो ना, तोच धडा तिने पत्र्यावर गिरवला होता.

हे मी माझ्या मोठेपणासाठी सांगत नाहीये. या जिल्ह्यातल्या मातीत हे फार आधी पेरलं गेलंय. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला. सिंथिया फॅरार नावाच्या अविवाहित शिक्षिका १८२७ साली अमेरिकेहून आल्या, १८३९ पासून नगरला राहिल्या, १८६२ मध्ये इथेच वारल्या. त्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतिराव फुल्यांनी नगरला येऊन पाहिल्या होत्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींसाठी शाळा उघडली. सावित्रीबाईंच्या शिक्षक म्हणून झालेल्या तयारीशीही फॅरारबाईंचं नाव जोडलं जातं. जोतिराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण त्या शाळेतून ते माणसाची बरोबरी घेऊन बाहेर पडले आणि ती त्यांनी आयुष्यभर लढवली. एखाद्या ख्रिस्ती शाळेने आणखी काय मिळवायचं असतं?

या शाळांनी मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्यांना वाचायला का शिकवलं, याचं एक कारण अगदी सरळ होतं. शास्त्र प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी वाचायचं, कोणा मध्यस्थाच्या तोंडून ऐकायचं नाही, असा प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा आग्रह. मग वाचता येणं ही महारवाड्यातल्या म्हातारीचीसुद्धा गरज झाली. माझी पणजी त्यातलीच. घरोघर येणाऱ्या मिशनच्या बाईंनी तिला चुलीपुढे अक्षरं शिकवली, तेव्हा तिला तीन मुलं झालेली होती. तिचा नवा करार माझ्याकडे आहे. पानांचे उजवे कोपरे बोटाने झिजून गोल झालेत आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला राखेचा डाग आहे. ती पुढे साऱ्या वाड्याची टपालं वाचायची. सैन्यातल्या, मुंबईच्या गिरणीतल्या पोरांची पत्रं तिच्या तोंडून आईबापांना कळायची. लिहिता वाचता येणं ही तिच्या लेखी स्वतःची मिळकत नव्हती, शेजाऱ्यांचं देणं होतं. शिक्षणाचा हा अर्थ मी कॉलेजात बी.एड. करताना ऐकला नाही. घरी ऐकला.

पंडिता रमाबाईंबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘ख्रिस्ती शिक्षण’ हा शब्द आला की मला पुणे जिल्ह्यातलं, त्यांचं केडगाव आठवतं आणि आजच्या शाळांच्या संचालकांना ते आठवत नाही याचं वाईट वाटतं. ११ मार्च १८८९ ला बाईंनी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा उघडली. गोदूबाई नातू ही बालविधवा तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. तीच पुढे आनंदीबाई कर्वे, धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी. सदन पुण्याला आलं आणि १८९३ मध्ये वाद पेटला. आरोप असा की ख्रिस्ती झालेल्या बाई पहाटे प्रार्थना करतात, दार उघडं असतं, मुली आत जाऊन बसतात. हिंदू सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. त्या वादात कोण किती बरोबर यावर मी इथे लिहीत नाही. मला एवढंच दिसतं की पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात भुकेने मरायला टेकलेल्या मुली गोळा करून आणायला हीच बाई गेली, आणि केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ ही निराधार बायकामुलींची संस्था उभी राहिली.

तिथे शाळा होती, तशीच शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम आणि छापखाना. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल होतं. बाईंची मुलगी मनोरमा त्यात खपली. आणि छापखान्यात कोण काम करत होतं? दुष्काळातून आलेल्या, ज्यांना घरच्यांनी ओझं म्हणून टाकलं होतं अशा बायका. त्या शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, उचलून जुळवत होत्या, छापत होत्या, पुस्तकं बांधत होत्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबल याच हातांनी छापलं. एप्रिल १९२२ मध्ये बाई वारल्या, त्याआधी ते काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. संस्कृत पंडिता म्हणून जिचा कलकत्त्यात गौरव झाला त्या बाईने आपली सगळी विद्वत्ता कुणबिणीला कळेल अशा मराठीपायी खर्चली, आणि त्या कुणबिणीलाच ती छापायला शिकवलं. बुद्धी, हात आणि प्रार्थना एका अंगणात. आपल्या नगरमध्येही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डी. सी. चर्चिल नावाच्या मिशनरी अभियंत्याने विणकरांसाठी सुधारित हातमाग तयार केला होता. सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूच्या नावाने शाळा काढायची आणि हातकामाला कमी लेखायचं, हे जुळत नाही. आज कार्यानुभवाचा तास ‘ऑफ’ म्हणून जातो, तेव्हा मला चीड येते.

ताई, तुम्ही ख्रिस्ती आहात म्हणून विचारलं नसेल, पण हा प्रश्न माझ्यापुढे शेकडो पालकांनी ठेवलाय: ‘बाई, आमच्या पोराला बाटवणार तर नाही ना?’ मी कधी रागावले नाही. मिशनच्या शाळा काढणाऱ्यांना लोकांनी ख्रिस्ती व्हावं असं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मलाही माझा प्रभू सगळ्यांना कळावा असं वाटतं. पण फीच्या सवलतीच्या, बोर्डिंगातल्या जेवणाच्या किंवा गुणांच्या बदल्यात जो विश्वास मिळतो तो विश्वास नसतो, आणि ज्याने तो दिला त्याने प्रभूचं नाव विकलेलं असतं. कायदाही स्वच्छ आहे. घटनेचं ३० वं कलम अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. त्याच घटनेच्या २८ व्या कलमानुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलावर पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासना लादता येत नाही. म्हणून बऱ्याच कॅथलिक शाळांमध्ये ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो आणि त्याच वेळी बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतात. मला विचाराल तर ही अट आमच्या भल्याची आहे. सक्ती हाताशी नसली की शिक्षकाला आपल्या वागण्यातूनच जे दाखवायचं ते दाखवावं लागतं.

वागण्यातल्या सगळ्यात अवघड गोष्टीबद्दल, म्हणजे क्षमेबद्दल. सातवीतल्या एका मुलाने सहलीच्या जमा पैशांतले २०० रुपये उचलले. पकडला गेला. वर्गात मी काही बोलले नाही. ऑफिसात बोलावून घेतलं, त्याने कबूल केलं, पैसे परत करायचे ठरले. तो दर सोमवारी १० रुपये आणून द्यायचा, गॅरेजमध्ये पान्हे पुसून मिळालेले. २० सोमवार. मी एकही माफ केला नाही. शेवटचे १० रुपये आले त्या दिवशी मी त्याच्या हातात साहित्याच्या कपाटाची किल्ली दिली, वर्षभरासाठी. एक सहकारी माझ्यावर चिडले, म्हणाले चोराच्या हाती जामदारखाना. पण मी त्याला क्षमा केली असं म्हणायचं आणि किल्ली मात्र दुसऱ्याकडे ठेवायची, तर तो बारा वर्षांचा मुलगा काय समजला असता? खडूचा तुकडा इकडचा तिकडे झाला नाही. पेत्राने तीनदा नाकारलं त्यानंतर प्रभूने त्याच्याकडे मेंढरं चारायलाच दिली, हा पाठ मी त्या वर्षी वर्गात वेगळा घेतला नाही.

उलट बाजूही सांगते. आमच्या शाळांनी शिस्तीच्या नावाखाली मुलांना छड्या मारल्यात. मधल्या सुट्टीत मराठी बोलल्याबद्दल दंड घेतलाय. चर्चच्या मंडळीत जुनी जात मनात धरून शाळेत मुलांना बाकं वाटून दिलीत. आणि ज्याची मला स्वतःची लाज वाटते ते हे. माझ्या नोकरीच्या मधल्या काळात मी एका चर्चच्या शाळेत होते, नाव घेत नाही. दहावीचा १०० टक्के निकाल लागला पाहिजे, फाटकावर फलक लावायचाय, असं वरून सांगण्यात आलं. नववीतली ११ कच्ची मुलं निवडली आणि त्यांच्या पालकांना बोलावून १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगितलं, म्हणजे मुलं बाहेरून बसतील आणि शाळेच्या निकालात धरली जाणार नाहीत. ती यादी करायला मीही बसले होते. माझ्या अक्षरात होती. फलक लागला. त्या अकरांपैकी चौघं परीक्षेला बसलीच नाहीत. त्यातला एक मला पुढे बसस्टँडवर भेटला, शेंगा विकत होता. त्याने मला नमस्कार केला आणि पुडा भरून दिला, पैसे घेईना.

दाखल्यात मेंढपाळ एकासाठी ९९ सोडून जातो. आम्ही १०० च्या फलकासाठी ११ जणांना बाहेर काढलं, आणि सकाळी त्याच मुलांना तोच दाखला सांगितला होता. मुख्याध्यापिका झाल्यावर मी पहिल्या दिवशी ठरवलं की माझ्या शाळेतून १७ नंबरचा एकही फॉर्म जाणार नाही. निकाल ७१ टक्क्यांवर आला एका वर्षी. व्यवस्थापनाने जाब विचारला, तो मी दिला. तुमचे मिस्टर निकाल बघून शाळा ठरवणार असतील तर त्यांना एवढं नक्की विचारायला सांगा की नववीत किती मुलं होती आणि दहावीला किती बसली.

भाषेविषयी माझं मत ठाम आहे, पटलं नाही तरी ऐकून घ्या. आपल्या लोकांनी विश्वास मराठीत रुजवला. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, ओवीबद्ध. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक १८४२ मध्ये नगरला सुरू झालं. नारायण वामन टिळकांची गीतं आपण दर रविवारी गातो, ती मराठी संतांच्या चालीत वाढलेल्या माणसाची आहेत. वसईच्या ख्रिस्ती समाजातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गोव्यात चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं सूर वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकली, आणि त्यातल्या कितीतरी वादकांनी पुढे मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद सांभाळले. ख्रिस्ती शाळा जिथे माणसांच्या जिभेवर, गळ्यावर, हातावर उतरली तिथे ती टिकली. आज आमची मराठी माध्यमाची मिशनची शाळा पटाअभावी ओस पडते आणि शेजारी त्याच संस्थेच्या इंग्रजी शाळेला रांग लागते. इंग्रजी यायलाच हवी, मी शिकवलीय. पण जी मुलगी फक्त इंग्रजीतच प्रार्थना करू शकते तिला आजीच्या खाटेशेजारी बसून काय म्हणता येईल? तुम्ही इंग्रजी माध्यम निवडलंत तरी घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला मराठी शास्त्रपाठ तिच्या तोंडून वाचून घ्या. रोज ५ ओळी. सासूबाईंना समोर बसवा. ख्रिस्ती शिक्षणाचा निम्मा भाग तिथेच होतो आणि तो कोणतीही शाळा तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही, तुमच्यासाठी करूही शकत नाही.

आता शाळा कशी पारखायची ते सांगते. शाळेच्या उद्घाटनाला, गॅदरिंगला, प्रवेशाच्या दिवशी जाऊ नका. एखाद्या साध्या बुधवारी, मधल्या सुट्टीच्या जरा आधी जा. क्रूस किती मोठा आहे ते बघू नका. शिपाईमामांना मुलं कशी हाक मारतात ते ऐका, आणि मामा मुलांना नावाने हाक मारतात का तेही. मधल्या सुट्टीत शिक्षक कुठे असतात? इटलीतले धर्मगुरू आणि शिक्षक डॉन बॉस्को आपल्या मुलांबरोबर मैदानात असायचे, शिक्षा करावी लागू नये म्हणून आधीच जवळ असावं अशी त्यांची पद्धत होती, आणि ती अजून चालते. एकट्या बसलेल्या मुलाजवळ कोणी जातं का? मग मुख्याध्यापकांना भेटा आणि एवढंच विचारा: ‘तुमच्याकडे शिकायला जड जाणारं मूल कोणतं आहे आणि त्याच्यासाठी तुम्ही काय करता?’ ‘आमच्याकडे तशी मुलं नाहीत’ असं उत्तर आलं तर आभार मानून घरी या, मग शाळेला कोणत्याही संताचं नाव असो. त्यांनी खुर्ची पुढे ओढून एखाद्या मुलाची हकिगत सांगायला घेतली, नाव न घेता पण डोळ्यांपुढे मूल आणून, तर फी आणि अंतर यांची गणितं मग मांडा.

तशी शाळा तुम्हाला चर्चच्या आवारात मिळेल, कदाचित नाही मिळणार. न मिळाली तर जिल्हा परिषदेच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या शाळेत जिथे मुलांना असं ओळखतात तिथे तिला घाला, आणि रविवारी शब्बाथशाळा चुकवू नका. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मिशनच्या शाळेचं त्यांच्या मनात जे चित्र आहे ते त्यांना कोणत्या बाईंमुळे मिळालं, हे त्यांना एकदा विचारा आणि लेकीलाही ऐकू द्या.